घरच्या घरी मूर्ती : नवख्या ख्रिस्ती भाविकांसाठी

मूर्ती घडवायला छिन्नी-हातोडा लागतो, हा नवशिक्यांचा पहिला गैरसमज. दहा आज्ञा संडे स्कूलमध्येच पाठ झालेल्या असल्याने आपल्यात दगडाला कोणी हात लावत नाही. शिवाय शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवायची सवय आहेच. ती मोडू नका. बोट बाहेर रोखलेलं असलं की घरात काय घडतंय याची चौकशी होत नाही.

आधी साहित्य. वाईट वस्तू चुकूनही निवडू नका. दारूची किंवा जुगाराची मूर्ती लगेच ओळखू येते आणि पाळकसाहेब प्रार्थनेला घरी येतात. देवानेच दिलेली एखादी चांगली वस्तू घ्या. रानात इस्राएल लोकांना विषारी साप चावू लागले तेव्हा मोशेने देवाच्या सांगण्यावरून पितळेचा साप घडवून खांबावर लावला. त्याच्याकडे पाहील तो जगे. लोकांनी तो जपून ठेवला, आणि कित्येक शतकांनी हिज्कीया राजा गादीवर आला तेव्हा त्या सापापुढे धूप जळत होता. याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही. आज्ञा देवाची, कारागीर खुद्द मोशे, वर गुण आल्याचा इतिहास! हरकत घेणार कोण? आपल्याकडेही असं साहित्य मुबलक आहे: आजोबांनी वर्गणी फिरवून बांधलेलं मंदिर, मिशनच्या काळची शाळा, नावाजलेला गायनसंघ, ज्याच्या प्रार्थनेने एकदा ताप उतरला तो प्रचारक.

साहित्य मिळालं की नाव द्यायचं, आणि नाव देवाचंच द्यायचं. यात अहरोनाचा हात धरणारा कोणी नाही. लोकांच्या कानांतली सोन्याची कुंडलं गोळा करून त्याने वासरू ओतलं, पुढे वेदी बांधली आणि दवंडी पिटली की उद्या परमेश्वराचा उत्सव आहे. वासराचा उत्सव असं तो म्हणाला नाही. पुढे मोशेने जाब विचारला तेव्हा त्याचं उत्तर असं, की सोनं विस्तवात टाकलं आणि हे वासरू आपोआप बाहेर आलं. वार्षिक सभेत हिशेब मांडणाऱ्यांनी निर्गमाचा बत्तिसावा अध्याय जरूर वाचावा.

पैशाबद्दल सविस्तर लिहीत नाही. लोभ हीच मूर्तिपूजा, असं पौलाने कलस्सैकरांना कळवलेलं आहे, आणि या विषयात आपण कोणीच नवशिके नाही.

हात बसल्यावर थोडा अवघड प्रयोग करता येतो. देवालाच हाताशी धरून कामाला लावायचं. पलिष्ट्यांकडून मार खाल्ल्यावर इस्राएलांनी शिलोहून कराराचा कोश रणांगणावर आणला. तो पाहून छावणीत असा जयघोष झाला की भूमी दणाणली. त्या दिवशी तीस हजार पायदळ पडलं आणि कोशही शत्रूने नेला. कोश खोटा नव्हता, देवही खरा होता. फक्त त्याला कोणी विचारलं नव्हतं. गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच न उघडलेलं पवित्र शास्त्र ठेवून घाट उतरणाऱ्यांना हे तंत्र वेगळं शिकवावं लागणार नाही.

मूर्ती बसली की तिचं रक्षण आलं. इफिसात पौलाच्या उपदेशामुळे अर्तमीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बसेल अशी सोनार देमेत्रियाला धास्ती वाटली. त्याने कारागीर जमवले आणि धंद्याच्या काळजीला देवीच्या अब्रूची जोड दिली. नाटकगृहात जमाव दोन तास एकच घोषणा देत राहिला, आणि आपण कशासाठी जमलो आहोत हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. पंच कमिटीच्या निवडणुकीचा किंवा मंडळीच्या जमिनीच्या खटल्याचा अनुभव असलेल्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको. प्रश्न खुर्चीचा किंवा भाड्याचा असला तरी मुद्दा नेहमी ‘मंडळीच्या साक्षीचा’ असतो.

ज्यांना ही विद्या शिकायची नाही, शिकलेली विसरायची आहे, त्यांच्यासाठी फारसं साहित्य लागत नाही, पण जिवावर येतं. हिज्कीयाने तो पितळी साप फोडून टाकला. वस्तू मोशेच्या हातची म्हणून संग्रहालयातही ठेवली नाही. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यांना हवे होते. मिशन वाईट होतं म्हणून नव्हे. चांगल्या वस्तूवरचाच हात काढणं कठीण असतं.

तेव्हा मंडळीच्या कपाटाची किल्ली, पेटीवरची जागा, व्यासपीठावरचा माइक, यांपैकी जे तुमच्याकडे असेल ते येत्या वार्षिक सभेत दुसऱ्याच्या हाती द्या. आणि पुढच्या रविवारी, मागच्या बाकावर का होईना, उपासनेला या.