दूध प्यायला, म्हणजे देव आहेच!

२१ सप्टेंबर १९९५ ला, ऐन पितृपक्षात, गणपती दूध प्यायला. पहाटे दिल्लीत सुरुवात केली आणि दिवस मावळायच्या आत लंडनपर्यंत मजल मारली. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी त्याला वाजतगाजत पाण्यात सोडून आलेली मंडळी चमचे घेऊन रांगेत उभी राहिली. केंद्राच्या विज्ञान खात्यातल्या शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं: पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून वर ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसणार कसं? पण ऐकायला वेळ कोणाला होता!

पेणच्या आमच्या आळीतले तात्या अजून त्या दिवसाचा दाखला देतात. ‘लाखोंनी पाहिलं, सगळे खोटे?’ खोटे कशाला? सूर्य पृथ्वीभोवती फिरताना तर अख्ख्या जगाने हजारो वर्षं पाहिलाय. ‘रांगेत डॉक्टर होते, इंजिनिअर होते!’ होते ना, पण हातात चमचा होता, उपकरण नव्हतं. ‘मग प्यायला नाही हे तू सिद्ध कर.’ दावा तात्यांचा, पुरावा मी आणायचा! या हिशेबाने तात्या माझं पाच हजारांचं देणं लागतात. लागत नाहीत हे त्यांनी सिद्ध करावं.

मग हुकमाचा एक्का. सुनेने दूध पाजलं आणि महिन्याभरात मुलाला नोकरी लागली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, याला आपल्याकडे फार पूर्वीच काकतालीय न्याय म्हणून ठेवलंय. दूध पाजूनही ज्यांची पोरं अर्जच भरत राहिली, त्यांच्या घरी तात्या कधी चहाला जात नाहीत.

‘पण मग दुसऱ्या दिवशी प्यायचा का थांबला?’
‘पोट भरलं.’

प्यायला तर चमत्कार, न प्यायला तर लीला. असल्या मुद्द्याला हरवणार कोण? श्रद्धेला माझी हरकत नाही, तिच्या वकिलांना आहे. श्रद्धा आणि हिशेब एकत्र नांदू शकतात: गीतेवर प्रवचनं देणारे विनोबा याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, आणि त्यांना गणिताचं वेड होतं.

खरं तर या खटल्यात साक्ष गणपती घडवणाऱ्या पेणकराची काढायला हवी होती. हमरापूर-जोह्याकडे शाडूचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा. ही मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळवलेली. ती दूधच काय, पाणीसुद्धा पिते, अगदी खरोखर पिते, आणि मग सोंड मऊ पडून हातात येते. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर मूर्तीला मनोभावे नमस्कार करतो, पण ओल्या हाताने तिला कोणाला शिवू देत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला गणपती दूध प्यायला लागला, तर देवळात रांग लावू नका. पेणला या, रंग न दिलेली शाडूची मूर्ती रोख पैसे देऊन घ्या आणि खुशाल चमचा लावा. भिजलेली मूर्ती परत घेतली जाणार नाही.