वाकड्या फोटोच्या बाजूने

मराठी घरात फोटो म्हणजे माणसांचा. बारसं, मुंज, लग्न, साठी आणि शेवटी हार घालून भिंतीवर, असा त्याचा जीवनक्रम ठरलेला आहे. इमारतीला त्यात जागा मिळते ती पाठीमागे, आणि तीही काकांच्या खांद्यावरून जेवढी दिसेल तेवढीच. अशा घरातलं दहा-बारा वर्षांचं एखादं पोर माणसांकडे पाठ करून पडक्या वाड्याच्या कोनाड्याचे आणि बारवेच्या पायऱ्यांचे फोटो काढू लागलं, की घराला घोर लागतो. जालना जिल्ह्यात हा घोर "कशाचे फोटो काढू राहिला रे? माणूस तं एकबी नाही त्यात!" अशा शब्दांत बाहेर पडतो. रोलच्या जमान्यात त्याला हिशेबाचं पाठबळही होतं. आग्फाच्या क्लिक-थ्रीमध्ये एका रोलला १२ फोटो. त्यातले ४ भिंतींवर गेले म्हणजे तेवढे नातेवाईक वगळले गेले, आणि वगळलेला नातेवाईक ही गोष्ट पुढच्या पिढीच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवतो. हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं असं आहे, की जुन्या इमारतींच्या फोटोंचा बालपणीचा नाद समाजाच्या मोठ्या उपयोगाचा असतो, आणि ते फोटो जितके वाईट, तितका उपयोग जास्त.

पुराव्याच्या दृष्टीने चांगला फोटोग्राफर हा तसा धोक्याचा माणूस. तो मावळतीच्या उन्हाची वाट पाहतो, दोरीवरचे कपडे काढायला लावतो, विजेची तार टाळतो, आणि जी इमारत कुणी कधीच पाहिलेली नाही तिचा फोटो काढून बक्षीस मिळवतो. पोराला यातलं काहीच जमत नाही. त्याचं क्षितिज कललेलं असतं, कोपऱ्यात स्वतःचं बोट असतं. शिवाय तार असते, भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या असतात, एक शेळी असते आणि 'ताई, माई, अक्का' यांना हाक घालणारं निवडणुकीचं पोस्टर असतं. कलेच्या परीक्षकाला या फोटोत दोषच दोष दिसतील. पण पन्नास वर्षांनी इतिहासाचा अभ्यासक त्या पोस्टरवरून साल काढील, तारेवरून गावात वीज होती हे सांगील आणि गोवऱ्यांवरून वाडा अजून नांदता होता असा निष्कर्ष मांडील. सुंदर फोटोतून त्याला एवढंच कळलं असतं, की त्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं.

घाईच्या फोटोवर मेहनतीची कला वरचढ ठरते, असं कुणाला वाटत असेल तर जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्याच्या शेजारीच असलेल्या अजिंठ्याचं उदाहरण घ्यावं. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षं खपून त्याने मोठमोठी तैलचित्रं विलायतेला पाठवली. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडली होती, आणि १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा १८८५ मध्ये लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. अजिंठ्याच्या अंधारात दीड हजार वर्षं टिकलेल्या चित्रांच्या नकला लंडनच्या बंदोबस्तात धड चाळीस वर्षंही टिकल्या नाहीत. याच गिलने नकलांच्या जोडीला कॅमेराही हाती घेतला होता. त्याच्या फोटोंची पुस्तकं वास्तुइतिहासकार फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये निघाली आणि ती आजही पाहायला मिळतात. त्या फोटोंना रंग नाही, हे खरं. चित्राची जागा ते घेऊ शकत नाहीत. पण चित्राची प्रत एक आणि फोटोच्या प्रती अनेक, आणि सगळ्या प्रती गाठणारी आग अजून लागायची आहे.

"पण पोराला त्या वास्तूतलं कळतं काय?" हा आक्षेप वजनदार आहे. त्याचं उत्तर असं, की काही कळायची गरजच नाही. भोकरदन तालुक्यातल्याच अन्व्याचं मंदिर घ्या. बाहेरच्या भिंतीवर हातात शंख, चक्र, गदा, पद्म घेतलेल्या देवींच्या मूर्ती आहेत; अभ्यासक त्यांना विष्णूच्या शक्ती मानतात. विष्णूची चोवीस रूपं ओळखायची ती कुठल्या हातात काय आहे यावरून. चार वस्तू चार हातांत बरोबर चोवीस तऱ्हांनी मांडता येतात. पोराला त्यातलं एकही नाव येत नसेल, पण चारही हात फोटोत आले की काम झालं. नाव शोधायला पंडित आहेत. जालन्याच्या मस्तगडाचीही तीच कथा. निजाम-उल-मुल्काच्या हुकमाने १७२५ मध्ये काबिलखानाने तो बांधला, असं तिथला फारसी शिलालेख सांगतो. पुढे त्या गडात नगरपालिकेची कार्यालयं आली, आणि वेढा घालून बसण्याची जुनी परंपरा नागरिकांनी अर्जांच्या रूपाने चालू ठेवली. तिथल्या पोराला फारसी येत नाही, पण कॅमेऱ्यालाही येत नाही, त्यामुळे तो चुकीचं वाचत नाही. अडाण्याने जसंच्या तसं टिपलेलं अक्षर अर्धवट जाणकाराच्या टिपणापेक्षा केव्हाही भरवशाचं.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. घरांकडे टक लावून बघून कुणाचं भलं झालंय? याचं उत्तर याच जिल्ह्यात मिळतं, फक्त ते आपल्याला रुचणारं नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रजांचा सेनानी वेलस्ली उभा होता. मध्ये केळणा नदी, आणि जवळपास उतार नाही असं वाटाडे ठामपणे सांगत होते. वेलस्लीला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. माणसं अशी तोंडाला तोंड लावून घरं बांधतात ती ये-जा असल्याशिवाय नाही, असं त्याने ताडलं. उतार निघाला, फौज पार झाली, आणि पुढचं आपण शाळेत एका मार्काला लिहिलं आहे. घरांकडे नीट बघणारं एखादं रिकामटेकडं पोर शिंद्यांच्या छावणीत असतं, तर त्या पेपरातला प्रश्न कदाचित वेगळा आला असता.

फोटोत माणूस हवाच, हा घरचा हट्टही मी सरसकट फेटाळत नाही. १८५८ मध्ये आल्ब्रेख्त मायडेनबाउर नावाचा जर्मन वास्तुविशारद वेट्झलारच्या मोठ्या चर्चची मापं घेताना वरून पडता पडता वाचला. भिंतीवर लटकण्याऐवजी फोटोवरूनच मापं का घेऊ नयेत, हे त्याला त्या धक्क्याने सुचलं. पुढे १८८५ मध्ये त्यासाठी बर्लिनमध्ये सरकारी संस्था उभी राहिली. फोटोवरून माप काढायचं तर एखादी ज्ञात लांबी सोबत लागते. म्हणून काकांना दरवाजाशेजारी खुशाल उभं करावं. काकांची उंची घरात सर्वांना ठाऊक असते, ते हलत नाहीत, आणि फोटोत आल्याचा आनंद त्यांना होतो तो वेगळाच. आपण मोजपट्टी आहोत हे त्यांना सांगायचं कारण नाही.

मोठी माणसं म्हणतील, आता हातोहाती फोन आहेत, रोज ढिगाने फोटो निघतात. मग पोराच्या नादाचं एवढं कौतुक कशाला? ढीग आहे खरा, पण त्यात इमारत कुठे आहे? सेल्फीत माणूस स्वतःच वास्तूपुढे उभा राहून तिला झाकतो. दुसरी गोष्ट अशी, की हा ढीग प्रसिद्ध जागांचाच असतो. २०१८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने अजिंठ्यासारखे मोजके अपवाद सोडून संरक्षित स्मारकांत फोटोला मोकळीक दिली, ते चांगलंच झालं. पण १९५८ च्या कायद्याला वास्तू निदान शंभर वर्षांची लागते, आणि एवढं वय भरूनही संरक्षणाच्या यादीत नाव लागतं ते मोजक्यांचंच. नव्व्याण्णव वर्षांचा वाडा कायद्याला फक्त जुनं घर दिसतो. जालना जिल्हा स्वतःच १ मे १९८१ चा, म्हणजे या हिशेबाने अजून पोरसवदा! यादीत नसलेला माळवदाचा वाडा, आड, वेशीची कमान हे सगळं टिपणारा एकच घटक गावात उरतो, तो म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत कंटाळलेलं पोर. त्याला शंभर वर्षांची अट नसते. आजीपेक्षा मोठं ते जुनं, एवढा साधा निकष त्याला पुरतो.

राहिला विकासाचा मुद्दा. 'जालना सोने का पालना' म्हणणाऱ्या शहराने लोखंडाच्या सळ्या गाळाव्यात, बियाणं विकावं, नवे रस्ते करावेत. कुणाचीच ना नाही. फोटो काढल्याने एकही जेसीबी थांबत नाही, भूसंपादन लागत नाही, समितीचा चहापाण्याचा खर्चही येत नाही. इतकं स्वस्त आणि निरुपद्रवी जतन दुसरं नाही. शिवाय जुन्यात केवळ आठवणीच असतात असंही नाही. याच शहरात जमशेदखानाने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी पाणी वस्तीत खेळवलं होतं. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाने आपल्या जुन्या पाण्याच्या वाटांचे फोटो जपून ठेवणं हे हळवेपण म्हणता येणार नाही. त्याला व्यवहार म्हणतात.

तेव्हा घरातलं पोर पडक्या भिंतीसमोर फोन धरून उभं राहिलं, तर मध्ये येऊ नका आणि "आधी आमचा काढ" म्हणू नका. फोटो वाकडा आला तर तो पुसायला लावू नका. फक्त एक काम मोठ्यांनी करावं: फोटोसोबत गावाचं नाव, वास्तूचं नाव आणि तारीख लिहून ठेवावी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोतून काढल्याची मूळ नोंद गळून जाते. तेवढं झालं, तर पोराचं काम पूर्ण झालं असं समजावं.