रेडिएटरची हळद

तात्यापारा ते शारदा चौक हा रस्ता पायी गेलं तर फेरफटका, गाडीने गेलं तर परीक्षा. मे महिन्यात रायपूरचं तापमान ४४-४५ अंशांवर, त्यात चौकातली कोंडी. उभ्या गाडीच्या रेडिएटरला वारा लागत नाही, सगळा भार एकट्या पंख्यावर. बॉनेटखालून वाफ निघाली की चहूबाजूंनी वैद्य जमतात आणि प्रत्येकाचं औषध बाटलीत असतं. एखादा जुना ट्रकवाला मात्र म्हणतो, "हल्दी डाल दो, साहब."

ही थट्टा नव्हे. इंजिन गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडायचं. घाई करणाऱ्याला हळद हातावरही लावावी लागते. आत चमचा-दोन चमचे सोडायची. पाण्याबरोबर फिरत ती भोकाशी पोचते, फुगते, चिकटते आणि ठिबकणं थांबतं. पण भोक कुठलं नि नळी कुठली हे तिला कळत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्याही ती तितक्याच मायेने लिंपते. गळती बंद होते आणि गाडी नव्या जोमाने तापते.

दुकानातल्या बाटल्या तरी कुठे वेगळ्या? हेड गॅस्केट सांधणाऱ्या काही बाटल्यांत सोडियम सिलिकेट असतं. उष्णतेने ते काचेसारखं घट्ट होऊन फट बुजवतं. २००९ मध्ये अमेरिकन सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढायची योजना आणली, तेव्हा इंजिनं कायमची निकामी करायला ऑइलच्या जागी हेच ओतत!

सगळंच थोतांड आहे असं नाही. इंजेक्टरवरचा मळ चांगलं अॅडिटिव्ह खरंच धुतं. कडक झालेलं रबरी सील जरा मऊ होऊन ऑइलची झिरप थांबूही शकते. मात्र पिस्टन रिंग झिजली असेल, तर गेलेला धातू कुठल्याच बाटलीतून परत येत नाही. दाट द्रव ओतून निळा धूर चार दिवस लपतो. गाडी विकायला तेवढे पुरतात.

तरी आपण बाटलीच घेतो. कारण मिस्त्री हात पुसत "इंजन खोलना पड़ेगा" म्हणाला, की खर्चाचा आकडा ऐकण्याआधीच आपला घसा कोरडा पडतो. बाटली दुरुस्ती देत नाही, मुदत देते, आणि मुदत कुणाला नको असते?

तेव्हा धमतरी रोडवर भर उन्हात अडकलात, तर खुशाल हळद घाला. पण घरी पोचल्यावर मिस्त्रीला तसं सांगा. नाहीतर पिवळं पाणी बघून तो काविळीचं निदान करेल आणि वर आणखी एक बाटली देईल.