पलंगाखालचा काटा

आमच्या घरातला वजनकाटा पलंगाखाली राहतो. 1 जानेवारीला बाहेर येतो, संक्रांतीच्या गुळपोळीनंतर पुन्हा आत जातो. गेली 9 वर्षं हाच शिरस्ता.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं, दिवसातून दोनदाच जेवा, 55 मिनिटांत. मी घड्याळ लावून बसलो आणि 54व्या मिनिटाला श्रीखंडाची वाटी पुढे केली. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणाल्या, तुपाला घाबरू नका; एवढं एकच वाक्य मी आजवर तंतोतंत पाळलंय.

मध्ये एकदा भात-पोळी बंद केली. आठवड्यात 3 किलो उतरले! सोसायटीत पेढे वाटले (2 मीही खाल्ले). मग कळलं, गेलं ते बहुतेक पाणीच. शरीरात साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, दर ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवते. ती संपली की पाणी जातं आणि पहिल्या वरणभाताबरोबर निमूट घरी परततं. चरबीचं तसं नाही. तिच्या एका किलोत सुमारे 7,700 कॅलरी ठाण मांडून बसलेल्या असतात.

सध्याची योजना अगदीच मिळमिळीत आहे: रात्री उरलेला भात ‘वाया जातो’ म्हणून संपवायचा नाही. बायको म्हणाली, “अहो, पोट म्हणजे काय फ्रीज आहे का, उरलंसुरलं ठेवायला?” 3 महिन्यांत दीड किलो गेलंय. सोसायटीत कुणी विचारलंही नाही.

त्या भाताला सकाळी फोडणी पडते. शेंगदाणे किती घालायचे, यावर बोलणी चालू आहेत.