बिनपगारी कंट्रोलर

प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडवर एक तरी माणूस असा असतो, ज्याला कुठंही जायचं नसतं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, काखेत शंभरपानी वही. तो चौकशीच्या खिडकीला टेकून उभा राहतो आणि खिडकीच्या आतल्या माणसाआधी उत्तर देतो. "भुतोंडं? आत्ताच गेली. बसा, पुढची आहे." आतला खरा कंट्रोलर सुरुवातीला चिडतो, मग कंटाळतो आणि शेवटी शेवटी त्याच्या भरवशावर निवांत चहाला जाऊन येतो.

भोरच्या स्टँडवर अशा एका गृहस्थांना सगळे 'कंट्रोलर'च म्हणतात. ते पतसंस्थेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले. एसटीत एक दिवसही नोकरी केलेली नाही, आणि म्हणूनच एसटीवरची श्रद्धा अजून शाबूत आहे. रस्त्याकडे पाठ करून ते चहा पीत असतात. मागून गाडी वळते. मान न वळवता म्हणतात, "लेलँड. दापोडीची बॉडी." खरोखर तशीच निघते. इंजिन कानानं कळतं, आणि बॉडी नंबरप्लेटवरून. दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेल्या गाड्या एमएच 14, संभाजीनगरच्या चिकलठाण्याच्या एमएच 20, नागपूरच्या हिंगण्याच्या एमएच 40. पाठमोऱ्या माणसाला नंबरप्लेट कशी दिसली, असा प्रश्न पडेल. समोरच्या पानटपरीला आरसा आहे. चहा ते कायम त्याच जागी पितात.

मुलीचं स्थळ बघायला गेले तेव्हा वहिनींनी मुलाचा पगार विचारला, शेती विचारली. यांनी विचारलं, "तुमच्या गावाला मुक्कामी गाडी आहे का?" वहिनींनी कपाळावर हात मारला. पण यांचं म्हणणं असं की ज्या गावात रात्री ड्रायव्हर-कंडक्टरला अंथरायला जागा आणि खायला भाकरी मिळते, त्या गावात मुलगी द्यायला हरकत नाही. मुलगी दिली. सुखात आहे. या एका बाबतीत मी त्यांच्यापुढे हात जोडतो.

इतिहासही त्यांना एसटीच्याच बाजूनं दिसतो. पंतसचिवांचं भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं 8 मार्च 1948 रोजी. पहिली एसटी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली 1 जून 1948 रोजी. "म्हणजे मधले पावणेतीन महिने," कंट्रोलर गंभीरपणे सांगतात, "भोरला वाली नव्हता."

असा माणूस एकटा असतो तोवर निरुपद्रवी असतो. त्याला त्याच्यासारखे आणखी चार-सहा भेटले की स्पर्धा निघते.

ही स्पर्धा म्हणजे एका दिवसाचा खेळ. सकाळी भोर स्टँडवरून सुटायचं, दिवसभर लाल गाड्यांनी फिरायचं आणि रात्री आठच्या आत भोर स्टँडवर परत यायचं. जो जास्तीत जास्त खोरी पालथी घालील तो विजयी. बक्षीस म्हणजे पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला कंडक्टरचा तिकिटं टोचायचा चिमटा. तिकीट यंत्रं आल्यापासून तो चिमटा कंट्रोलरांच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असतो आणि विजेत्याला फक्त हातात धरून फोटो काढता येतो.

तारीख ठरवण्यातच दोन महिने जातात. पावसाळा नको, वरंधा घाट बंद असतो आणि गाड्या रस्ते बदलतात. लग्नसराई नको, उभं राहायला जागा नसते. पौषात मांढरदेवीची जत्रा, तेव्हा नको. बाजाराचा दिवस नको. शाळेच्या फेऱ्या चालू हव्यात, म्हणून रविवार नको, दिवाळी नको, मे महिना नको. चाळून चाळून हाती लागतो तो बुधवार, आणि त्या बुधवारी स्पर्धकांपैकी कुणालाच रजा नसते.

मग नियम. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास 1988 पासून मिळतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. कंट्रोलरांच्या दृष्टीनं ती पोथीच, पण स्पर्धेत पास चालत नाही. पासावर कुठं चढलात, कुठं उतरलात याचा पुरावा राहत नाही. तिकीटच हवं. वडाप चालणार नाही. ओळखीच्याच्या मोटारसायकलवर पाय ठेवला तरी बाद. शेवटच्या थांब्यावर उतरून दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत. हा 'दोन्ही' शब्द का आला, त्यामागे एका पायरीवर एका पायानं उभं राहून झालेलं मोठं भांडण आहे. ते मी इथं उकरत नाही.

भोर-वेल्ह्यात ही स्पर्धा घेणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे, आणि त्यातच तिची मजा आहे. हा बारा मावळांचा मुलूख. भोरहून रोहिडखोऱ्यात आंबवडे-कारीकडे जायचं ते वेगळं, नीरेच्या काठानं हिरडस मावळात निगुडघर-हिर्डोशीकडे जायचं ते वेगळं, भाटघर धरणाच्या पाण्याला वळसे घालत वेळवंड खोऱ्यात भुतोंड्याला जायचं ते आणखी वेगळं. गाडी आत जाते आणि त्याच रस्त्यानं तोंड वळवून परत येते. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर आधी भोरला या. गुंजण मावळ आणि कानद खोरं गाठायचं असेल तर कापूरहोळवरून हायवेला लागा, चेलाडी फाट्याला उतरा, नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्याला जा. नकाशावर जी गावं हाताच्या अंतरावर, ती एसटीनं अर्ध्या दिवसावर. मधे राजगड आणि तोरणा मांडी घालून बसलेत.

वेल्ह्यानं तर नियमपुस्तकात वेगळीच पाचर मारली. तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय मंत्रिमंडळानं 2024 मध्ये घेतला. ताबडतोब एका स्पर्धकानं विचारलं, "वेल्हे आणि राजगड असे दोन गुण धरायचे का?" कंट्रोलरांनी त्याला दोन गुण दिले नाहीत, पण प्रश्न वहीत लिहून घेतला. चांगला प्रश्न ते वाया जाऊ देत नाहीत.

आता स्पर्धक. कोथरूडहून येणारी दोन इंजिनिअर पोरं. त्यांच्या मोबाईलमध्ये सगळ्या फेऱ्यांचा तक्ता रंगीत चौकोनांत भरलेला. लाल म्हणजे जलद, हिरवा म्हणजे शाळेची फेरी. पिवळा कशासाठी हे त्यांचं त्यांना आठवत नाही. दुसरे अण्णा, वय शहात्तर. पंच्याहत्तर ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट. त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, आणि ते शून्य ते सगळ्यांना दाखवत फिरतात. तिसऱ्या बाई, खोऱ्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या, रोजच्या अप-डाउनवाल्या. त्यांच्याकडे वही नाही, तक्ता नाही, एक पर्स आणि डबा. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे "हा खेळ मला निम्म्यात पडतो," एवढंच त्यांनी नाव नोंदवताना सांगितलं.

कंट्रोलर स्वतः स्पर्धेत उतरत नाहीत. पंच लागतो, असं कारण सांगतात. वहिनी सांगतात ते कारण वेगळं आहे: घाटात त्यांना मळमळतं. वरंध्याचं पहिलं वळण आलं की ज्या माणसाला महाराष्ट्रातली सगळी आगारं तोंडपाठ आहेत, तो लिंबू हुंगत डोळे मिटून बसतो.

शिट्टी वाजते, म्हणजे कंट्रोलर खरोखरची शिट्टी वाजवतात आणि स्टँडवरची कुत्री पांगतात. पहिल्या गाडीत पहिला पेच पडतो तो कंडक्टरशी.

"मास्तर, भुतोंडं एक."

"कुणाकडं?"

"कुणाकडं नाही. ह्याच गाडीनं परत."

"मग काम काय?"

"काही नाही."

बिनकामाचा माणूस वही काढून गाडी सुटल्याची वेळ लिहितो, हे बघून मास्तरांचा चेहरा बदलतो. चेकिंगवाले! मग काय, सुट्टे पैसे न मागता मिळतात, मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला "बाबा, सावकाश उतरा" असं सांगितलं जातं, आणि दर थांब्याला डबल बेल अशी काही ठणठणीत पडते की ड्रायव्हर मागं वळून बघतो. इंजिनिअर पोरांनी "आम्ही चेकिंगवाले नाही" असं दोनदा सांगून पाहिलं. चेकिंगवालेही तसंच सांगतात, यावर मास्तर ठाम.

शेवटच्या गावात तर याहून अवघड. तिथं एसटीनं आलेला माणूस कुणाचा तरी पाहुणाच असतो. दवाखाना, बाजार, कोर्ट, लग्न, मयत, यांपैकी कशासाठीही न येता कुणी उतरतो, दोन्ही पाय जमिनीला टेकवतो, गाडीचा फोटो काढतो आणि परत चढतो, हे गावाला पटत नाही. पारावरची माणसं उठून येतात. "पाव्हणं, घर सापडंना का?" "घर नाही शोधत." "मग लाजता कशापाय? कुणाच्यात जायचंय ते सांगा की." पोरांनी खेळ समजावून सांगितला. ऐकून झाल्यावर एका मावशींनी विचारलं, "ह्याचं पैसं कोण देतं?" उलट आम्हीच भरतो म्हटल्यावर त्यांनी पोरांकडे फार मायेनं पाहिलं आणि पाणी आणायला घरात गेल्या.

अण्णा इथंच अडकले. "कुणाकडं आलाय?" या प्रश्नाला "कुणाकडं नाही" असं उत्तर देणं त्यांच्या पिढीला जमत नाही. त्यांनी विचार केला, दोन गावांची नावं घेतली, आणि गाडी वळून तोंड फिरवेपर्यंत विचारणाऱ्याची मावशी अण्णांच्या सासुरवाडीत दिलेली निघाली. गाडीनं हॉर्न दिला. अण्णांनी खिडकीतून वाकून बघणाऱ्या पोरांना हात केला: तुम्ही व्हा पुढं.

पोरं पुढं झाली नाहीत, वर गेली. वेळवंड खोऱ्यातून राजगडावर अळू दरवाज्यानं चढता येतं आणि पलीकडे गुंजवण्याला उतरता येतं. भोर, कापूरहोळ, चेलाडी असा सगळा वळसा वाचला! नियमांत वडाप बंद होतं, मोटारसायकल बंद होती, किल्ल्याबद्दल अवाक्षर नव्हतं. पोरांनी गाडीचा नाद सोडून गड धरला. उन्हं तापली. पाणी संपलं. संजीवनी माचीवर फोटो काढण्यात वेळ गेला, कारण गडावर जाऊन फोटो न काढणं कोथरूडच्या माणसाच्या हातून होत नाही. गुंजवण्यात उतरले तेव्हा दूरवर धुरळा होता आणि धुरळ्याच्या पुढं एक लाल ठिपका.

संध्याकाळी ही हकिकत ऐकून कंट्रोलर तळमळले. "अरे, महाराजांच्या वेळी एसटी नव्हती म्हणून त्यांना चढावं लागत होतं! तुमच्या वेळी आहे ना?"

बाईंची गोष्ट सांगण्यासारखी नाही, कारण त्यांच्या बाबतीत काहीच घडलं नाही. त्या गाडीत चढल्या की ड्रायव्हर विचारी, "बाई, आज शाळेला सुट्टी?" त्या म्हणत, "रजा टाकलीय. आता हिर्डोशीहून आल्यावर कारीकडची कुठं गाठ पडेल?" ड्रायव्हर सांगे, स्टँडवर जाऊ नका, अलीकडच्या चौकातच उतरा. चेलाडी फाट्यावर तर एका गाडीनं जाता जाता वेग कमी केला आणि आतून आवाज आला, "वेल्ह्याची मागनं येतीय बाई, उन्हात थांबू नका, टपरीत बसा!" असं विचारत विचारत बाईंनी चार खोरी केली, मधे डबा खाल्ला, परतीच्या वाटेवर एका पालकाला गाठून पोराच्या गैरहजेरीबद्दल झापलं आणि आठच्या आत भोरला उतरल्या.

कंट्रोलरांना हा विजय मान्य होता, पण रुचत नव्हता. त्यांनी वही चाळली. "बाई, हे सगळं तुम्ही वेळापत्रक न बघता?"

"वेळापत्रक कशाला? माणसं आहेत की."

"पण मग कौशल्य कुठं आलं?"

बाईंनी चिमटा हातात घेतला, त्यानं एका जुन्या तिकिटाला भोक पाडून पाहिलं, छान पडलं म्हणाल्या. फोटो काढला. कंट्रोलरांनी चिमटा हलकेच परत घेऊन रुमालात गुंडाळला. पोरांना खोऱ्यांच्या हिशेबानं एक की दोन, यावर बराच खल झाला. गडाचा अर्धा गुण द्यावा अशी मागणी आली आणि फेटाळली गेली. या गडबडीत नऊ वाजले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की अण्णा अजून आलेच नाहीत. कंट्रोलरांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अण्णा, आहात कुठं?"

"जेवतोय."

"मी दुपारी फोन केला तेव्हाही जेवतच होतात!"

"ते ह्यांच्या चुलत्याकडं. आता ह्यांच्याकडं. आंबेमोहराचा भात आहे रे, आणि वर साजूक तूप. सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो."

"म्हणजे मुक्कामी गाडी आली तिथं?"

"आली की. ड्रायव्हर आणि मास्तर माझ्या शेजारीच पानावर बसलेत. देऊ का?"

फोन हातोहात गेला. पलीकडून मास्तरांचा घास घोळलेला आवाज आला, "हां, बोला साहेब."

"किती वाजता पोचलात?" कंट्रोलरांनी काखेतली वही काढून मांडीवर ठेवली, पेनाचं टोपण दातात धरलं. "आणि गाडी नंबर सांगा. नाही, सावकाश. आधी घास गिळा."