स्पॉन्सर पाहिजे

आखातातल्या मराठी माणसाला पगाराखालोखाल ज्या शब्दाची काळजी असते, तो शब्द म्हणजे 'स्पॉन्सर'. त्याचे अर्थ दोन. पहिला स्पॉन्सर म्हणजे ज्याच्या सहीवर माणूस इथे राहतो तो, अरबीत कफील. दुसरा म्हणजे नाटकाच्या मध्यंतरात ज्याच्या पैशाने वडापाव येतो तो. नोकरदाराचं पहिल्यावर भागतं. कलावंताला दोन्ही लागतात आणि दोघांची गाठ पडणार नाही हेही बघावं लागतं, कारण पहिल्याची अशी समजूत असते की आपला अकाउंटंट संध्याकाळी घरी जाऊन झोपतो.

संयुक्त अरब अमिरातीत कलेला पैसा नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. अबू धाबीत 2017 पासून लूव्र उभं आहे. शारजात 1993 पासून द्वैवार्षिक प्रदर्शन भरतं. दुबईच्या अल कूझमध्ये जिथे संगमरवराचा कारखाना होता, तिथे आता अल्सरकाल ॲव्हेन्यूच्या कलादालनांची रांग आहे. अबू धाबीच्या 'मिलियन्स पोएट' या दूरचित्रवाणी स्पर्धेत पहिल्या आलेल्या कवीला 50 लाख दिरहम मिळतात. एवढ्या रकमेचं नाव काढलं तर आपल्याकडचा कवी आधी खाली बसेल आणि मग पाणी मागेल. कविता तेवढी अरबी बोलीतल्या नबाती प्रकारची हवी. ओवी-अभंगाची सोय अजून झालेली नाही.

दुबईने 2021 मध्ये जाहीर केलं की शहरातल्या सर्जनशील मंडळींची संख्या पाच वर्षांत 70 हजारांवरून 1 लाख 40 हजारांवर न्यायची. कलावंतांची अशी मोजदाद मराठी माणसाने पूर्वी पाहिलेली नव्हती. त्याच्या ओळखीची ती पशुगणना. त्यामुळे या 1 लाख 40 हजारांत आपणही असू, या आशेवर दुबईच्या करामा भागातल्या एका नटाने नोकरी सोडून पूर्णवेळ कलावंत व्हायचं ठरवलं. (हा नट काल्पनिक आहे. पण तो अनेकांना ओळखीचा वाटेल.)

पहिला प्रश्न व्हिसाचा. तो सुटलेला होता! 2022 पासून पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा मिळतो. त्यात कफील लागत नाही. फ्रीलान्सर स्वतःच स्वतःचा स्पॉन्सर. अट किरकोळ: पदवी किंवा पदविका असावी आणि मागच्या दोन वर्षांत स्वतःच्या धंद्यातून वर्षाला किमान 3 लाख 60 हजार दिरहम मिळवलेले असावेत. रुपयांत हा आकडा 80 लाखांच्या पुढे जातो. म्हणजे कलावंताने आधी इतकं कमवायचं की त्याला कोणाची गरज राहू नये. मग सरकार त्याला कोणाची गरज नसल्याचा दाखला देणार. फ्रीलान्स परवाना वेगळा. दुबई मीडिया सिटीत त्याची फी वर्षाला 7,500 दिरहमांच्या घरात. करखात्याने मात्र मन मोठं ठेवलं आहे. व्यक्तीची धंद्यातली वार्षिक उलाढाल 10 लाख दिरहमांच्या वर गेल्याशिवाय तिला कंपनीकर लागत नाही. एकपात्री प्रयोग करणाऱ्यांनी ही बातमी कापून ठेवली आहे.

मग अनुदान. शारजा आर्ट फाउंडेशनचा 'प्रॉडक्शन प्रोग्राम' एका फेरीत एकूण 2 लाख डॉलर वाटतो आणि अर्जदार कुठल्या देशाचा, हे विचारत नाही. एवढा उदार दरवाजा मराठी माणसाला क्वचित दिसतो. दारात उभं असतं ते 'आर्टिस्ट स्टेटमेंट'. समजा, एक बाई वीस वर्षं बर दुबईत घरोघरी रांगोळी काढतात. 'मी रांगोळी काढते' असं लिहिलं तर अर्ज गेला. लिहायचं असतं ते असं: 'नश्वर भूमितीच्या माध्यमातून स्थलांतरित स्त्रीच्या अदृश्य श्रमांची नोंद घेणारा संशोधनाधारित हस्तक्षेप.' बाईंनी हे वाचून घाबरून विचारलं, 'म्हणजे पुसायला कोण येणार?' प्रश्न फार चांगला होता. स्टेटमेंटमध्ये तोच लिहिला असता तर कदाचित निवड झाली असती.

राहिली वर्गणी. मराठी कलेचा खरा अर्थमंत्री म्हणजे पावतीपुस्तक. चार पोरं, एक शिक्का आणि गल्लीतला किराणा दुकानदार एवढ्या भांडवलावर महाराष्ट्रात रंगभूमी चालली आहे. इथे तो मार्ग बंद. दुबईच्या 2015 च्या हुकुमाने आणि 2021 च्या संघीय कायद्याने परवान्याशिवाय देणगी गोळा करायला मनाई आहे. व्हॉट्सॲपवर 'यथाशक्ती द्या' लिहिणंही अंगाशी येऊ शकतं. म्हणून देणगीदार जातो आणि दुसरा स्पॉन्सर येतो. तो देणगी देत नाही, जाहिरात देतो. मग ऊद मेथातल्या इंडियन हायस्कूलच्या शेख रशीद सभागृहात पडदा उघडतो तेव्हा शनिवारवाड्याच्या एका बाजूला फ्लॅटवाला, दुसऱ्या बाजूला मसालेवाला आणि मधे, जागा उरली तर, पेशवे.

मायदेशाने तरी लाज राखावी? राजर्षी शाहूंच्या नावाने महाराष्ट्र सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं. पूर्वी त्यात अ, ब, क अशा श्रेणी होत्या: 3,150, 2,700 आणि 2,250 रुपये. राष्ट्रीय कीर्तीच्या आणि जिल्हा पातळीवरच्या कलावंतात महिन्याला 900 रुपयांचं अंतर! 2024 पासून सरसकट 5,000 झाले. दिरहमांत दोनशेच्या आसपास. दुबईत तेवढ्यात एका कुटुंबाचं बाहेरचं एक जेवण होतं, गोड पदार्थ मागवला नाही तर. करोनात महाराष्ट्राने 56 हजार कलावंतांना एकरकमी 5,000 रुपये जाहीर केले. अमिरातीच्या सांस्कृतिक मंत्रालयाने त्याच संकटात कलावंतांसाठी 15 ते 50 हजार दिरहमांची मदत काढली. दुबईतला मराठी नट या दोन आकड्यांच्या मधोमध लटकलेला. तिकडे तो महाराष्ट्राचा रहिवासी नाही, शिवाय पन्नाशीही गाठलेली नाही. इकडे कागदोपत्री तो 'अकाउंटंट'.

मायदेशाचं साहित्य संमेलन मात्र एकदा इथवर आलं होतं, 2010 मध्ये. दुसरं विश्व मराठी साहित्य संमेलन दुबईत, मंगेश पाडगावकर अध्यक्ष. पुढे 2012 चं टोरांटोचं संमेलन विमानखर्चाच्या वादात उडालंच नाही. मराठी साहित्याला परदेशात जाण्यासाठी प्रतिभेइतकंच तिकीट लागतं, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आलं.

तर आमचा नट. त्याने नोकरी सोडली नाही. राजीनाम्याचा मसुदा अजून ड्राफ्टमध्ये आहे. परवा रात्री करामातल्या फ्लॅटवर तालीम संपल्यावर, खालचा शेजारी दोनदा बेल वाजवून गेल्यावर, तो शारजाचा अर्ज भरायला बसला. नाव, जन्मतारीख, प्रकल्पाचं अंदाजपत्रक, सगळं झालं. शेवटी एक रकाना होता: या प्रकल्पाला इतर कोणाकडून साहाय्य मिळालं आहे काय? त्याने बराच वेळ विचार केला. मग प्रामाणिकपणे लिहिलं: 'होय. कंपनीचा एचआर मॅनेजर. दोन हाफ-डे आणि एक सिक लीव्ह.'