मिक्श्चरपंडित

गॅरेजबाहेर उभ्या असलेल्या चौघांत एक मिक्श्चरपंडित हमखास असतो. गाडी त्याची नसली तरी निदान त्याचंच असतं. पूर्वी प्लगचा रंग बघून भागायचं. हल्ली त्याच्या हँडलवर डिजिटल मीटर असतो आणि हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा 14.7 हा आकडा तो कुलदैवताच्या नावासारखा उच्चारतो. कंपनीच्या नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सरला तो मोजतच नाही. दुधाची किटली लावलेल्या स्कूटरलाही त्याचा सल्ला एकच, ‘वाइडबँड टाक.’ उत्साह अस्सल, पण गाडं उलटं: आधी सेन्सर घ्यायचा, मग त्याला काम शोधायचं.

नॅरोबँडवर त्याचा आरोप असा की त्याला धड आकडा सांगता येत नाही. बरोबर आहे. मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) असलं की तो 0.8-0.9 व्होल्ट देतो, लीन (पेट्रोल कमी) झालं की 0.1 च्या आसपास, 0.45 ओलांडलं की बाजू बदलली, एवढंच. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला मिक्श्चर योग्य प्रमाणाच्या किंचित अलीकडे-पलीकडे झुलतं ठेवावं लागतं आणि त्यासाठी एवढी माहिती पुरते. व्होल्व्होनं 1976 साली बॉशचा सेन्सर बसवला तो याचसाठी. आपल्याकडच्या बीएस-6 दुचाक्यांतही तो तेच करतो. शिवाय पंडिताचा लाडका 14.7 वाइडबँडही मोजतच नाही. तो मोजतो लॅम्डा, म्हणजे मिक्श्चर योग्य प्रमाणाच्या किती पट आहे ते. त्याला 14.7 नं गुणून मीटर आकडा दाखवतो, तोही शुद्ध पेट्रोलचा. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला खरं प्रमाण त्याहून बरंच खाली असतं.

‘मग फुल थ्रॉटलचं काय?’ हा त्याचा हुकमी प्रश्न, आणि इथे तो खरा आहे. पूर्ण ताकदीला 12.5 ते 13 चं मिक्श्चर लागतं. तिथे नॅरोबँड नुसता ‘रिच, रिच’ म्हणत बसतो. कार्ब्युरेटर मोठा केला, सायलेन्सर बदलला, जेट बसवायचे आहेत, तर वाइडबँड आणि त्याचा कंट्रोलर घ्यावाच. मात्र सेन्सरला कळतो तो उरलेला ऑक्सिजन, पेट्रोल नव्हे. सायलेन्सरच्या तोंडाशी बसवला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तो लीन दाखवतो. मिसफायर झाला तरी लीनच. पंडित हे तोंडपाठ सांगतो आणि सेन्सर बसवतो टू-स्ट्रोक आरएक्स 100 ला. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिक्श्चरचा काही भाग न जळताच सायलेन्सरात जातो, त्यातला ऑक्सिजन सेन्सर इमानेइतबारे मोजतो, आणि मीटर लीन म्हणतो म्हणून पंडित मोठा जेट टाकतो. आकडा सुधारतो. गाडी पिकअप सोडते, गल्ली धुरानं भरते, आणि तो शांतपणे पेट्रोलपंपाला शिव्या घालतो.